गुणांची यादी ग्रुपवर जाते कशी? ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम चालवणाऱ्या सीमाभागातल्या महाविद्यालयांसाठी

विद्यार्थ्यांची माहिती बाहेर जाते ती बहुतेक वेळा घाईमुळे. रात्री साडेनऊला परीक्षा विभागातून फोन येतो, "सर, अंतर्गत गुण उद्या दहाच्या आत पाहिजेत, मुलांना एकदा दाखवून घ्या." सर जेवणावरून उठतात, मोबाइलवर एक्सेलची फाइल शोधतात आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. त्या फायलीत नाव, गुण, मोबाइल नंबर, प्रवर्ग आणि कोणाची फी थकली आहे तो रकानाही असतो. सकाळपर्यंत ती यादी निपाणीपासून खानापूरपर्यंत दोनशे फोनवर पोचलेली असते.

इथं सरांवर ठपका ठेवून काही साधत नाही. नियमातला रस्ता सात पायऱ्यांचा आणि व्हॉट्सॲपचा रस्ता एका बोटाचा असेल, तर दमलेला माणूस बोटाचाच रस्ता धरणार. म्हणून प्राध्यापकांचं ओझं कमी करणं आणि विद्यार्थ्यांची माहिती जपणं ही दोन कामं वेगळी धरू नका. खाली सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीत सुरक्षित रस्ताच सर्वांत जवळचा कसा करायचा, एवढंच पाहिलं आहे.

आधी एक कागद

कोणतंही सॉफ्टवेअर घेण्याआधी एका कागदावर पाच रकाने आखा: कोणती माहिती, कशासाठी, कुठं ठेवली आहे, कोण पाहू शकतं, कधी काढून टाकायची. हे भरायला दोन तास बसा. बसताना प्रवेश विभागाचे लिपिक, अभ्यासक्रमाचे समन्वयक, परीक्षा विभागाचं कोणीतरी आणि एक अतिथी प्राध्यापक हवेत. अतिथी प्राध्यापकांना वगळायची चूक नेहमी होते आणि नेमकी निम्मी माहिती त्यांच्याच फोनवर असते. आपल्याकडच्या पदवी महाविद्यालयांत बरेच तास त्यांच्यावर चालतात. त्यांना संस्थेचा ईमेल मिळायला चार महिने लागतात, मग ते स्वतःच्या जीमेलवरून गूगल फॉर्म बनवतात. फॉर्ममध्ये 'फाइल जोडा' असेल, तर मुलांनी जोडलेला प्रत्येक आधार, प्रत्येक जातीचा दाखला फॉर्म बनवणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये जाऊन बसतो. मार्चअखेर त्यांचं काम संपतं आणि ती कागदपत्रं त्यांच्यासोबत जातात. यात त्यांचा वाईट हेतू असायची गरजच नाही.

'कशासाठी' या रकान्यात उत्तर सापडलं नाही, तर ती माहिती घेणं त्याच दिवशी थांबवा. रक्तगट, धर्म, वडिलांचं उत्पन्न हे वर्गाच्या फॉर्मवर केवळ जुन्या छापील अर्जाची सवय म्हणून आलेलं असतं. उत्पन्न आणि प्रवर्ग शिष्यवृत्तीसाठी लागतात, ते कर्नाटकाच्या शिष्यवृत्तीच्या एसएसपी पोर्टलवर किंवा महाराष्ट्रातल्या संस्थेत महाडीबीटीवर विद्यार्थी स्वतः भरतो. वर्गशिक्षकाला ते कळायचं कारण नाही.

मातृभाषेच्या रकान्याबद्दल थोडं जास्त. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, भालकी या पट्ट्यात हा रकाना साधा नसतो, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून त्याला वेगळं वजन आहे. सीमाभागातल्या ८६५ गावांमधल्या मराठी मुलांना महाराष्ट्रात राखीव जागेसाठी मातृभाषेचा आणि रहिवासाचा दाखला द्यावा लागतो, तो प्रवेशाच्या फायलीत राहू द्या, पण वर्गाच्या यादीत, ओळखपत्रावर, हजेरीपटात उतरवू नका. सूचना कोणत्या भाषेत पाठवायच्या एवढंच जाणून घ्यायचं असेल, तर प्रश्नही तेवढाच विचारा: "सूचना मराठीत हव्यात, कन्नडमध्ये की इंग्रजीत?" हे उत्तर सूचना पाठवणाऱ्या एका माणसापाशी असलं की पुरतं.

प्रवेशाच्या वेळी: आधार, ओटीपी आणि झेरॉक्सचं दुकान

ऑनलाइन आणि दूरस्थ अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना एबीसी खातं (श्रेयांकांची बँक, अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आणि यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा डीईबी आयडी लागतो. दोन्हींची वाट डिजिलॉकर आणि आधारच्या ओटीपीतून जाते. मुलीच्या आधारला वडिलांचा किंवा भावाचा नंबर जोडलेला असतो, तो माणूस गोव्याला कामावर असतो, आणि ही मुलगी खानापूरच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये रांगेत उभी असते. मग सेंटरवाला सांगतो, "माझाच नंबर घालतो, काही होत नाही." होतं ते असं, की पुढं पासवर्ड विसरल्यावर ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि एका माणसाकडे साठ मुलांच्या खात्यांच्या किल्ल्या जमा होतात.

यावर उपाय महाविद्यालयातच आहे. प्रवेशाच्या पंधरवड्यात रोज तीन तास एक मदत टेबल लावा. दोन संगणक, एक प्रिंटर, एक माणूस. विद्यार्थ्यांना आदल्या दिवशीच कळवा: आधारशी जोडलेला फोन सोबत आणा, नाहीतर ज्यांच्याकडे तो आहे त्यांना ठरलेल्या वेळी मोकळं राहायला सांगा. ओटीपी विद्यार्थ्यानंच टाइप करायचा. लिपिकानं फोनवर "ओटीपी सांगा" असं कधीच म्हणायचं नाही, कारण कॉलेजच ओटीपी विचारतं अशी एकदा सवय लागली की उद्या फसवणारा तेच वाक्य बोलतो. दर विद्यार्थ्यामागं ब्राउझरची खासगी खिडकी उघडा, काम झालं की बंद करा. 'डाउनलोड्स' फोल्डर रोज संध्याकाळी रिकामं करा, आणि रिसायकल बिनसुद्धा.

आधारची प्रत हवीच असेल तर मास्क केलेली घ्या, तिच्यावर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. ती आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या पोर्टलवरून मिळते. पूर्ण आधारची छायाप्रत आलीच, तर पहिले आठ आकडे काळ्या शाईनं खोडून मगच स्कॅन करा. झेरॉक्सच्या दुकानातून किंवा ग्राम वन केंद्रातून अर्ज भरणाऱ्या मुलांना एक छोटी चिठ्ठी द्या: फाइल व्हॉट्सॲपवर पाठवून छापली असेल तर दुकानदाराकडून चॅट आणि संगणकावरची फाइल दोन्ही पुसून घ्या, ईमेल उघडला असेल तर बाहेर पडा. दुकानदार बिचारे मुद्दाम ठेवत नाहीत, पण त्यांच्या डेस्कटॉपवर वर्षाची चार-पाचशे आधार कार्डं पडून असतात हे खरं.

नावांची जुळणी याच वेळी उरका. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी आणि पुढं नुसती आद्याक्षरं, आधारवर पूर्ण नाव, मराठी शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मध्ये. गावाचंही तसंच. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं, जुन्या कागदांवर बेळगाव आहे. हे फरक प्रवेशाच्या वेळी सुटले नाहीत तर परीक्षेच्या आदल्या रात्री ओळख पडताळणी अडते, आणि घाबरलेला विद्यार्थी आधार, गुणपत्रक, दाखला सगळं चार-चार प्राध्यापकांना व्हॉट्सॲप करतो. न जुळणाऱ्या नावांची यादी करा, ती फक्त प्रवेश लिपिकाकडे ठेवा आणि पहिल्या पंधरा दिवसांत एकेकाला बोलावून मिटवा. एबीसी खात्यात जे नाव आहे तेच सगळीकडे धरायचं, म्हणजे वाद उरत नाही.

व्हॉट्सॲप, कारण ते टळणार नाही

'व्हॉट्सॲप बंद' असा आदेश काढला की लोक तो पाळत नाहीत, फक्त सांगत नाहीत. त्यापेक्षा ते कशासाठी वापरायचं हे ठरवून द्या.

साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. वर्गातल्या मुलींना अनोळखी मेसेज यायला लागतात ते इथूनच, आणि मग त्या ग्रुप सोडतात, सूचना चुकतात, हजेरी घसरते. व्हॉट्सॲपच्या 'कम्युनिटी'मध्ये जो घोषणांचा ग्रुप असतो, त्यात सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, फक्त ॲडमिनना दिसतात, आणि मेसेजही ॲडमिनच टाकू शकतात. वर्गाच्या सूचनांसाठी तेवढंच पुरे. कम्युनिटीच्या आत वेगळे चर्चा-ग्रुप काढले तर त्यांत मात्र नंबर पुन्हा उघडे पडतात, तेव्हा असे ग्रुप काढायचेच असतील तर सामील होणं ऐच्छिक ठेवा. चर्चा मूडलवरच्या (ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायच्या सॉफ्टवेअरवरच्या) मंचावर घेतलेली केव्हाही बरी.

ॲडमिन म्हणून प्राध्यापकाचा घरचा नंबर देऊ नका. संस्थेनं प्रत्येक अभ्यासक्रमाला एक सिम आणि एक साधा स्मार्टफोन द्यावा, तो समन्वयकाच्या टेबलावर राहावा. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये वेळेबाहेर आपोआप जाणारं उत्तर लावता येतं: "आपला प्रश्न मिळाला. सोमवार ते शनिवार सकाळी १० ते ५ या वेळेत उत्तर मिळेल." हे मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही लिहा. रात्री अकराला येणारे "सर, उद्या पेपर आहे काय?" हे मेसेज त्यामुळं थांबत नाहीत, पण सरांची झोप मोडायचं थांबतं. घरचा नंबर दोनशे जणांकडे जाणं हा प्राध्यापकांच्याही खासगीपणाचा प्रश्न आहे, त्याकडे फार कमी ठिकाणी लक्ष असतं.

तीन गोष्टी कोणत्याही ग्रुपवर जायच्या नाहीत: गुण, ओळखीची कागदपत्रं, आणि फी किंवा शिष्यवृत्तीच्या याद्या. शिष्यवृत्तीची यादी विशेष जपा. २अ, ३ब (कर्नाटकातले मागास प्रवर्ग), एससी, एसटी असे रकाने असलेली यादी वर्गात फिरली म्हणजे प्रत्येकाची जात वर्गापुढं वाचून दाखवल्यासारखंच. "खालील विद्यार्थ्यांनी कार्यालयात भेटावं" एवढं आणि प्रवेश क्रमांक, इतकंच पुरतं.

गुण आणि एक्सेल

सर्वांत जास्त गळती इथं होते, म्हणून जरा सावकाश वाचा.

मूडलमध्ये गुण भरले की प्रत्येक विद्यार्थ्याला फक्त स्वतःचे दिसतात. यासाठी वेगळी कळ दाबावी लागत नाही, ते मुळातच तसं आहे. प्राध्यापक तिथं भरत नाहीत कारण एकेक आकडा टाइप करायला वेळ लागतो. त्यांना एकदा शिकवा: गुणपुस्तिकेतून रिकामी फाइल उतरवायची, एक्सेलमध्ये गुण भरायचे, सीएसव्ही म्हणून जतन करायची, पुन्हा चढवायची. साठ मुलांचं काम दहा मिनिटांत होतं. चढवताना ओळख जुळवण्यासाठी नावाऐवजी प्रवेश क्रमांक वापरा, कारण 'पाटील' तेरा असतात. देवनागरी किंवा कन्नड नावं असतील तर फाइल यूटीएफ-८ प्रकारात जतन करा, नाहीतर नावांच्या जागी चौकोन येतात आणि प्राध्यापक वैतागून पुन्हा व्हॉट्सॲपकडे वळतात.

मूडल नसेल आणि यादीच लावायची वेळ आली, तर:

१. नाव काढा. हजेरी क्रमांकही काढा, कारण तो आडनावाच्या क्रमानं असतो आणि वर्गातल्या कोणालाही ३४ नंबर कोण हे माहीत असतं.

२. प्रत्येकाला चार आकडी सांकेतिक क्रमांक द्या आणि यादी त्या क्रमांकानं लावा. मूळ क्रम तसाच ठेवला तर वरून मोजून नाव काढता येतं.

३. नव्या कोऱ्या फायलीत फक्त दोन रकाने मूल्य म्हणून (पेस्ट व्हॅल्यूज) चिकटवा. जुन्या फायलीतले रकाने लपवून ती पाठवू नका. लपवलेला रकाना दोन क्लिकमध्ये उघडतो. पिव्होट तक्ता पाठवला तर त्यातल्या आकड्यावर डबल क्लिक केलं की मागची सगळी माहिती नव्या पानावर येऊन पडते.

४. पीडीएफ करा आणि उघडून पाहा. पीडीएफमध्ये नावांवर काळी पट्टी ओढली असेल तर खालचा मजकूर निवडून कॉपी होतो का ते तपासा. बहुतेक वेळा होतो. पट्टी म्हणजे नुसता कागदावर ठेवलेला कागद.

गूगल शीट वापरत असाल तर 'लिंक असलेला कोणीही' हा पर्याय विद्यार्थ्यांच्या माहितीसाठी वर्ज्य. आणि ज्याला संपादनाचा हक्क दिला त्याला शीटचा जुना इतिहासही दिसतो, म्हणजे तुम्ही पुसलेला रकाना त्याच्यासाठी पुसलेला नसतो. गूगल फॉर्ममध्ये 'निकालाचा सारांश पाहा' ही कळ चालू राहिली, तर फॉर्म भरणाऱ्याला इतरांची उत्तरंही दिसतात. नाव, फोन विचारणाऱ्या फॉर्मवर ती बंद आहे ना, हे लिंक पाठवण्याआधी स्वतः एकदा फॉर्म भरून बघा.

ईमेलनं गुण पाठवायचे तर मेल मर्ज वापरा, प्रत्येकाला वेगळं पत्र जातं. एकच सूचना सर्वांना पाठवताना पत्ते बीसीसीत टाका.

मूडलच्या व्यवस्थापकासाठी दोन कामं: विद्यार्थ्याचा ईमेल सहाध्यायांना दिसण्याची मूळ सेटिंग बदला, आणि फक्त तपासनिसाचं काम करणाऱ्यांना 'संपादन नसलेला शिक्षक' ही भूमिका द्या. सगळ्यांना व्यवस्थापक करून ठेवायची सवय सोपी वाटते, पण मग कोणी काय उतरवून नेलं हे शोधणं कठीण होतं.

थेट तास

कॅमेरा चालू ठेवायची सक्ती करू नका. एका खोलीचं घर, मागं चुलीवर भाकरी, कोपऱ्यात आजारी आजी, हे सगळं साठ जणांनी बघावं असा कोणाचा अभ्यासक्रम नाही. हजेरीसाठी तासाच्या मध्यावर आणि शेवटी एकेक प्रश्नाची छोटी चाचणी ठेवा, ती कॅमेऱ्यापेक्षा खरं सांगते.

बैठकीला पासवर्ड आणि प्रतीक्षा कक्ष लावा, स्क्रीन दाखवायचा हक्क फक्त शिक्षकाकडे ठेवा, विद्यार्थ्यांमधलं आपसातलं खासगी चॅट बंद करा. येताना नाव 'प्रवेश क्रमांक आणि पहिलं नाव' असं लिहायला सांगा. घरच्या फोनवरून येणाऱ्यांचं नाव 'बाबा २ जिओ' असं दिसतं आणि मग कोण कुठला हे कळत नाही, बाहेरचा माणूस त्यातच घुसतो. शिक्षकांनी पूर्ण स्क्रीन दाखवू नये, फक्त सादरीकरणाची खिडकी निवडावी, आणि तास संपेपर्यंत सूचना-घंटी बंद. वरच्या कोपऱ्यात "अमुकच्या वडिलांचा मेसेज: फी पुढच्या महिन्यात" असं झळकलं की ते रेकॉर्डिंगमध्ये कायमचं जातं.

रेकॉर्डिंग फक्त शिकवण्याच्या भागाचं करा, प्रश्नोत्तरं सुरू झाली की थांबवा. याचा खासगीपणाखेरीज दुसराही फायदा: मुलं मोकळेपणानं विचारतात, त्यांच्या मराठीत, कन्नड मिसळून, चुकत. रेकॉर्ड होतंय म्हटलं की तोंडं मिटतात. तासाची चॅट वेगळ्या फाइलमध्ये जतन होते, ती चढवू नका. आणि रेकॉर्डिंग यूट्यूबवर 'लिंक असलेल्यांसाठी' ठेवणं म्हणजे लपवणं नव्हे, ती लिंक पुढं गेली की गेली.

जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात. तिथल्या मुलांसाठी रेकॉर्डिंग हलकं करा. फोनवर फुल एचडीत काढलेला व्हिडिओ मिनिटाला ६० ते १३० एमबी खातो. तोच हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून ४८०पी आणि ३०० केबीपीएस केला, तर पूर्ण तासाचा सुमारे १३५ एमबी होतो, पाटीवर सरकणाऱ्या स्लाइड्ससाठी तो भरपूर स्पष्ट असतो. नुसता आवाज ३२ केबीपीएस मोनोमध्ये काढला तर तासाला १४ एमबी. तासाचे चार तुकडे करा, बारा ते पंधरा मिनिटांचे. मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये ते उतरवून ठेवता येतात, म्हणजे मूल शनिवारी बाजाराला खानापुरात आलं की आठवड्याचं उतरवून नेतं, आणि पेन ड्राइव्ह हातोहात फिरवायची वेळ येत नाही. शिक्षकांच्या राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस द्या. वीज गेली तरी तास तुटत नाही आणि "सर, परत घ्या" हा वाद वाचतो.

परीक्षा

यूजीसीच्या २०२० च्या नियमांनुसार ऑनलाइन अभ्यासक्रमाची परीक्षा निरीक्षणाखालीच व्हावी लागते. निरीक्षण म्हणजे घरात कॅमेराच असा अर्थ नाही, नेमलेल्या केंद्रावर संगणकावरची परीक्षाही चालते. ज्यांच्या घरी वेगळी खोली नाही त्यांना हा पर्याय कारण न विचारता द्या. कारण विचारलं की गरिबी सांगावी लागते.

घरून परीक्षा असेल तर 'खोली फिरवून दाखवा' हा प्रकार टाळा. अमेरिकेत ओहायोतल्या एका सरकारी विद्यापीठानं तसं करायला लावलं, तेव्हा ते विद्यार्थ्याच्या घराची अवाजवी झडती ठरतं असा निकाल संघीय न्यायालयानं ऑगस्ट २०२२ मध्ये दिला. तो आपल्याला बांधील नाही, पण आपल्याकडेही खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं आहे. तो खटला लढवणारे पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायाधीश होते.

घरच्या परीक्षेवर कॅमेऱ्यातून नजर ठेवणारं सॉफ्टवेअर संशय आला की जे लाल खुणा करतं त्यांतल्या पुष्कळशा फसव्या असतात: कमी उजेड, मागून गेलेली बहीण, वीज गेल्यानं पडलेला अंधार, मोठ्यानं वाचायची सवय. लाल खूण म्हणजे कॉपी असं धरू नका. दोन प्राध्यापकांनी वेगवेगळं पाहावं, विद्यार्थ्याला तो तुकडा दाखवून त्याचं म्हणणं घ्यावं, मगच निर्णय. खूण नसलेल्यांचं चित्रण पुनर्मूल्यांकनाची मुदत संपताच पुसा. तारीख आधीच वेळापत्रकात छापा, नाहीतर ते वर्षानुवर्षं पडून राहतं.

प्राध्यापकांच्या पाठीशी

एक तांत्रिक सहायक, वीस प्राध्यापकांमागं किमान, सत्राच्या पहिल्या तीन आठवड्यांत पूर्णवेळ. तो मराठी, कन्नड दोन्ही बोलणारा असावा. प्रशिक्षण तीन दिवसांच्या कार्यशाळेत कोंबू नका, प्रमाणपत्र मिळतं आणि चौथ्या दिवशी विसरतं. ज्या आठवड्यात जे काम पडतं त्याच आठवड्यात त्याची चाळीस मिनिटं: पहिल्या आठवड्यात बैठक लावणं, चौथ्यात चाचणी, आठव्यात गुण चढवणं. प्रत्येकाच्या हाताशी तयार नमुने द्या: सूचनेचा, गुणांच्या फायलीचा, रेकॉर्डिंगआधी वाचायच्या दोन वाक्यांचा. नमुना तयार असला की बरोबर करणं चुकीचं करण्यापेक्षा सोपं होतं.

कामाचे तास मोजताना रेकॉर्डिंग, उत्तरं देणं आणि ऑनलाइन तपासणी धरा. नुसता शिकवण्याचा तास मोजला तर उरलेलं काम रात्री घरच्या लॅपटॉपवर होतं, जो मुलगाही खेळायला वापरतो. बनवलेल्या व्हिडिओंचा हक्क कोणाचा, प्राध्यापक नोकरी सोडून गेल्यावर ते किती सत्रं चालवायचे, हे लेखी ठरवा.

अतिथी प्राध्यापकांना रुजू झालेल्या दिवशीच संस्थेचा ईमेल द्या. सोडून जाताना एका पानाची यादी: फॉर्म आणि फायलींची मालकी समन्वयकाकडे, मूडलची भूमिका बंद, ग्रुपचं ॲडमिनपद काढलं, फोनमधल्या याद्या पुसल्याची सही. मग शेवटच्या मानधनाचं पत्र. हा क्रम उलटा झाला की यादी कधीच पूर्ण होत नाही.

कायदा, लागतो तेवढा

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. सुरक्षेत ढिलाई ठरली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. संमती मागतानाची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागतो. मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू चारही त्यात आहेत, तेव्हा बेळगावात मराठी सूचना ही मेहेरबानी राहत नाही.

अठराच्या आतला प्रत्येक जण या कायद्यात मूल आहे. पदवीच्या पहिल्या वर्षात सतरा वर्षांची मुलं असतात. शिक्षण आणि सुरक्षिततेपुरती संस्थांना सवलत आहे, पण माहितीपत्रकात फोटो छापणं त्यात बसत नाही, त्यासाठी पालकांची संमती घ्या.

बाहेरच्या कंपनीची प्रणाली घेताना करारात पाच गोष्टी लिहून घ्या: माहिती विद्यापीठाची, जाहिरातीला वापर नाही, साठवण कुठं, करार संपल्यावर तीस दिवसांत पुसल्याचं पत्र, आणि गळती झाली तर त्याच दिवशी कळवणं. फुकट मिळणाऱ्या ॲपच्या अटींमध्ये दुसरी गोष्ट आधी शोधा.

फुटलीच तर

यादी बाहेर गेल्याचं कळल्यावर पहिल्या तासात: ग्रुपवरचा मेसेज 'सर्वांसाठी' पुसा, लिंक बंद करा, शीटचे हक्क काढा. त्याआधी एक स्क्रीनशॉट घ्या, नंतर पुरावा लागतो. ग्रुपवर "ही यादी कोणी उघडू नका" असा मेसेज टाकू नका, ज्यांनी पाहिली नव्हती तेही पाहतात.

मग चार प्रश्नांची उत्तरं लिहून काढा: काय गेलं, किती जणांचं, किती वाजता, कोणाकडे पोचलं असेल. पासवर्ड किंवा सर्व्हरचा संबंध असेल तर सर्ट-इनला (सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेला) सहा तासांत कळवावं लागतं. एप्रिल २०२२ मध्ये निघालेला हा नियम आहे, आणि सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपणंही त्यातच येतं. नवा कायदा पूर्ण लागू झाल्यावर संबंधित विद्यार्थ्यांना आणि डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब, आणि मंडळाला सविस्तर अहवाल ७२ तासांत. पैशांची फसवणूक झाली असेल तर विद्यार्थ्याला लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायला लावा.

विद्यार्थ्यांना कळवताना ज्यांची माहिती गेली त्यांनाच, प्रत्येकाला वेगळं, त्यानं निवडलेल्या भाषेत. मजकूर साधा ठेवा: "तुमचं नाव, मोबाइल नंबर आणि अंतर्गत गुण असलेली यादी काल रात्री ९:४० ला चुकून वर्गाच्या ग्रुपवर गेली. ती ९:५५ ला काढली. आधार किंवा बँकेची माहिती त्यात नव्हती. अनोळखी फोन आल्यास या नंबरवर कळवा." ज्यांच्या हातून चूक झाली त्यांचं नाव त्यात घालू नका. घातलंत तर पुढच्या वेळी यादी गेल्याचं तुम्हाला कोणी सांगणार नाही, आणि १५ मिनिटांचं काम तीन दिवसांनी हाती येईल.